काहून धावता जी?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, हे ऐकून आमच्या गडचिरोलीतल्या एटापल्लीत कुणाच्या पोटातलं पाणी हलत नाही. तेच आपल्या रस्त्यावर मांडून सांगा. एटापल्लीच्या बसस्थानकावरून निघायचं, जंगलातून तीसेक किलोमीटर कापून आलापल्लीचा चौक गाठायचा, चहा न घेता तसंच पुढे सात-आठ किलोमीटरवर अहेरी, आणि तिथंही न थांबता प्राणहितेचा काठ. पलीकडे तेलंगण. एवढं सांगितलं की समोरचा माणूस हातातली बिडी बाजूला धरतो आणि विचारतो, "मंग एसटी काहून नाही घेत जी?"

प्रश्न रास्त आहे. चाळिशी ओलांडलेला मास्तर पहाटे अर्ध्या चड्डीत पळताना दिसला की गावाचे दोनच अंदाज असतात. एक तर कुत्रं मागं लागलं, नाहीतर कुठलीतरी भरती निघाली. तिसरं कारण असू शकतं, हे पटवायला मला बराच काळ लागला. या हौसेपायी जी माहिती गोळा होत गेली, ती मात्र धावण्यापेक्षा जास्त मजेची निघाली.

राजवाड्याची मेहेरबानी

हे ४२.१९५ काही प्राचीन ग्रीसमधून आलेलं नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत साधारण ४० किलोमीटरचीच होती. स्पिरिदोन लुईस नावाच्या, पाणी वाहून पोट भरणाऱ्या माणसानं ती २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकली. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायचं ठरलं. मोजलं तेव्हा २६ मैल ३८५ यार्ड भरलं. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं झालं. जगभरातल्या हौशी धावपटूंचा जीव ज्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जातो, ते असे राजेशाही सोयीतून आले. आमच्याकडे मंजूर झालेला रस्ता पुढाऱ्याच्या दारावरून वळतो, त्यातलाच प्रकार.

त्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेला वळला आणि पाच वेळा कोसळला. शेवटच्या साडेतीनशे मीटरना त्याला दहा मिनिटं लागली. पंचांनी हात धरून त्याला रेषेपलीकडे नेलं आणि त्याच मदतीपायी तो बाद झाला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. राणी अलेक्झांड्रानं मात्र पिएत्रीला खास कप दिला. आज लोकांना पिएत्री आठवतो, हेज नाही.

धूळ, ब्रँडी आणि सडकी सफरचंदं

सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज घेऊन ट्रक आमच्या रस्त्यानं जातात. उन्हाळ्यात या रस्त्यावर धावून आलं की बनियन मुळात कुठल्या रंगाचा होता ते आठवावं लागतं. याची तक्रार करावीशी वाटली की मी १९०४ ची सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन आठवतो.

ऑगस्टचं ऊन, कच्चा रस्ता, धावपटूंच्या आगेमागे मोटारींनी उडवलेला फुफाटा आणि पाण्याची सोय जवळपास नाहीच. ३२ जण निघाले, १४ पोचले. फ्रेड लॉर्झ नावाचा गडी पंधराएक किलोमीटरनंतर थकला, मोटारीत बसला, पुढे उतरला आणि धावत स्टेडियममध्ये शिरला. लोकांनी त्यालाच विजेता समजून टाळ्या वाजवल्या. लबाडी उघडी पडली आणि त्याच्यावर बंदी आली. गंमत म्हणजे बंदी उठल्यावर पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, तो बोस्टन मॅरेथॉन खरोखर जिंकला. बंदीपेक्षा त्याला शरमेनं जास्त पळवलं असावं.

खरा विजेता टॉमस हिक्स. त्याला वाटेत त्याच्याच माणसांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिकनिन आणि वर ब्रँडी पाजली. स्ट्रिकनिन म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष, जे उंदीर मारायला वापरत. तरीही तो ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंदांत पोचला. ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या पुरुषांत ही सर्वांत संथ वेळ. आज पुण्या-मुंबईतले कितीतरी बँकवाले आणि डॉक्टर यापेक्षा वेगानं धावतात, तेही विषाशिवाय.

माझा लाडका मात्र क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल. अमेरिकेत उतरल्यावर त्यानं वाटखर्चाचे पैसे जुगारात घालवले. शर्यतीला तो रोजच्या बुटांत, गुडघ्यापाशी कापलेल्या विजारीत उभा राहिला. भूक लागली म्हणून वाटेतल्या बागेतली सफरचंदं खाल्ली. ती सडकी निघाली, पोटात कळा आल्या, म्हणून तो आडवा होऊन थोडा झोपला, उठला आणि चौथा आला. दक्षिण आफ्रिकेचा लेन ताउन्याने यापेक्षा वर आला असता, पण कुत्रं मागं लागल्यानं तो मैलभर भलतीकडेच गेला. शेवटी नववा. आमच्या गावाचा अंदाज अगदीच चुकीचा नसतो, एवढाच याचा अर्थ.

बेळगावचा अनवाणी गडी

मॅरेथॉन हे शहरी, पैसेवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल तर १९१९ च्या पुण्यात चला. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धेत सर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावताना पाहिली. यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं आणि त्यांनी खिशातले पैसेही घातले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. हिशेब केला तर किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा कणभर कमी. घड्याळं, जेल, कार्बन पट्टीचे बूट आणि कोच असा सगळा सरंजाम असलेले आजचे हौशी धावपटू 'तीन तासांच्या आत' या एका स्वप्नावर वर्षानुवर्षं घालवतात. बेळगावच्या गड्यानं ते शंभर वर्षांपूर्वी, वर अर्धा किलोमीटर जास्त धावून, करून ठेवलं. पाठ्यपुस्तकात मात्र त्यांना जागा नाही. ही माझी मास्तर म्हणून तक्रार.

अनवाणी धावण्याची परंपरा पुढेही चालू राहिली. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला. चार वर्षांनी टोकियोत अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत उभा राहून त्यानं पुन्हा सुवर्ण मिळवलं, या वेळी बूट घालून. आपल्याकडे बिहारमधून सैन्यात गेलेले शिवनाथ सिंग अनेकदा अनवाणीच धावत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते ११ वे आले. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. त्यानंतर चार दशकं उलटली तरी एकाही भारतीयाला ही वेळ मागे टाकता आली नव्हती. बूट किती सुधारले, त्याच्याशी याचा हिशेब कुणीतरी लावावा.

ग्राउंडवरचं गणित

एटापल्लीत धावणारा मी एकटा नाही. मी तर सगळ्यांत मागचा. पहाटे रस्त्यावर जी पोरंपोरी दिसतात ती सगळी भरतीची. त्यांच्या भाषेत 'ग्राउंड' म्हणजे मैदान नव्हे, शारीरिक चाचणी. "ग्राउंड कितीचं झालं?" या प्रश्नाला उत्तर गुणांत येतं.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं. ५ मिनिटं १० सेकंदांत धावलात तर पैकीच्या पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण गुण. आता गंमत बघा. केनियाच्या एलियुड किपचोगेनं २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं. त्यासाठी वेग राखणाऱ्या धावपटूंची फौज आळीपाळीनं त्याच्या अवतीभवती पळत होती, म्हणून तो विक्रम अधिकृत धरला नाही. पण त्या वेगात १६०० मीटरला लागतात साधारण ४ मिनिटं ३२ सेकंद. म्हणजे किपचोगेनं आमच्या पोरांचं पूर्ण गुणांचं ग्राउंड अडतीस सेकंद राखून मारलं आणि मध्ये न थांबता सव्वीस वेळा मारलं. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा एकजण गंभीरपणे म्हणाला, "मंग त्याईले कट-ऑफचं टेन्शन नसन, सर."

वनरक्षक भरतीचं त्याहून भारी. धावणं झाल्यावर चालण्याची चाचणी असते: पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १६ किलोमीटर, वेळ ४ तास. पंचवीस किलोमीटर चार तासांत म्हणजे ताशी सव्वासहा. याच चालीनं चालत राहिलात तर अख्खी मॅरेथॉन पावणेसात तासांत पुरी होते, एक पाऊलही न धावता. मुंबई मॅरेथॉनमध्ये या वेळेच्या आसपास पोचून पदक गळ्यात घालून फोटो काढणारे पुष्कळ असतात. आमच्या वनरक्षकाला त्यासाठी फक्त पायाखालची वाट आणि खाकी कपडे लागतात.

ही पोरं मॅरेथॉन का धावत नाहीत, असं मला बाहेरचे लोक विचारतात. उत्तर साधं आहे. मॅरेथॉननं नोकरी लागत नाही. १६०० मीटरवाल्याला लांब पळवलं तर त्याचा वेग बसतो, अशी त्यांची भीती असते आणि ती अगदीच चुकीची नाही. गडचिरोली पोलीस दल महामॅरेथॉन भरवतं तेव्हा मात्र हीच पोरं पुढे असतात. माझ्यासारखे हौशी लोक तेव्हा फक्त त्यांच्या पाठी बघतात.

भिंत आलापल्लीलाच

धावणाऱ्यांच्या बोलण्यात 'भिंत' येते. तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत माणूस बरा धावतो आणि अचानक पाय शिशाचे होतात. यामागे सरळ शिधावाटप आहे. यकृत आणि स्नायू यांत साठवलेलं ग्लायकोजेन साधारण दोन हजार कॅलरींचं असतं. धावताना किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे जवळपास एक कॅलरी जाते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार लागतात. शिधा संपतो तो बरोबर तीस-बत्तीसच्या आसपास. शरीर मग चरबीकडे वळतं, पण चरबी सावकाश जळते. एटापल्लीहून निघालात तर ही भिंत नेमकी आलापल्लीच्या चौकात उभी असते, जिथं भज्यांचा वास येतो आणि परतीची बस उभी असते. इतकी क्रूर आखणी कुठल्याच शहरातल्या मॅरेथॉनला जमलेली नाही.

यावर उपाय म्हणून शहरातले धावपटू शर्यतीआधी दोन-तीन दिवस 'कार्बो-लोडिंग' करतात. म्हणजे भात, बटाटे, पास्ता भरपूर खायचा. धानाच्या मुलखात त्याला कार्बो-लोडिंग म्हणत नाहीत, जेवण म्हणतात. धावून आल्यावर शहरात क्षार आणि साखर घातलेलं रंगीत पाणी पितात. इथं आंबील आहे: आंबलेली, पातळ, मिठाची, पोटाला थंड. वाटेत खायला शहरात चाळीस-पन्नास रुपयांची जेलची पुडी मिळते. मी मोहफुलाचा लाडू नेतो. वाळलेल्या मोहफुलात साखरेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे गोडी लगेच अंगी लागते. मोहाचं नाव काढलं की ऐकणारा डोळे मिचकावतो, म्हणून पुन्हा सांगतो: लाडू.

पाण्याबद्दल एक गोष्ट उलटी आहे. कमी पाण्यानं त्रास होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त पाण्यानंही होतो, आणि जिवावर बेतू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं सापडलं. मुख्यतः जे हळू धावत होते आणि वाटेत भरपूर पाणी पीत होते, असे लोक. तहान लागली की प्या, हा आजीचा सल्ला वैद्यकशास्त्रालाही मान्य झाला आहे.

जंगल वेळापत्रक ठरवतं

सरावाची पुस्तकं सांगतात, अठरा आठवड्यांचा आराखडा करा. आमचा आराखडा अस्वल, ऊन आणि नदी करतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह टपटपायला लागतो. पहाटे टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली पोचतात आणि त्यांच्याही आधी कधीकधी अस्वल पोचलेलं असतं. त्याला मोहफूल आपल्याइतकंच आवडतं. अस्वल जाडजूड आणि मंद दिसतं. दिसतं फक्त. माणसाला ते सहज गाठतं. म्हणून या दिवसांत उजाडल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आमच्याकडचा सरावाचा पहिला नियम. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. माझे दहा किलोमीटर होईतो पत्ता तोडणारी कुटुंबं जंगलात तीन तास वाकून आलेली असतात, डोक्यावर गठ्ठे आणि काखेत लेकरू. त्यांच्यासमोर "आज फार दमलो" म्हणायला जीभ रेटत नाही.

मॅरेथॉनला मानवणारं हवामान म्हणजे दहा अंशांच्या आसपासची थंडी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. उरतात नोव्हेंबर ते जानेवारीचे महिने, आणि ते सोन्याचे असतात. धान कापून झालेल्या बांध्या, धुकं, सागाच्या पानांवरचं दव. पावसाळ्यात चिखल, रोवणीची लगबग आणि नदीनाल्यांचा भरवसा नाही. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की तालुका तुटतो. अशा वेळी लांब पल्ल्याचा सराव म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात जिना चढउतार.

मोबाइलला रेंज नसते, तरी मनगटावरचं घड्याळ अंतर बरोबर कसं दाखवतं, असं पोरं विचारतात. घड्याळ टॉवरशी बोलत नाही, थेट आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ऐकतं. जंगलात टॉवर नसले तरी उपग्रह असतातच. दाट सागाखाली मात्र ते थोडं भांबावतं आणि किलोमीटरला वीस-तीस मीटर इकडेतिकडे करतं. शर्यतीचे मार्ग म्हणूनच घड्याळानं मोजत नाहीत. सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र बसवून, रस्त्याची सर्वांत जवळची रेघ पकडून मोजतात आणि वर हजारात एक भाग जास्त धरतात, म्हणजे कुणाचं अंतर कमी पडायला नको. त्यामुळे प्रत्येक प्रमाणित मॅरेथॉन बेचाळीस मीटर जादाचीच असते. शेवटी घड्याळ बघून "रस्ता चुकीचा मोजलाय" म्हणणारा दर शर्यतीत भेटतो. त्याला हे सांगून उपयोग होत नाही.

माणूस विरुद्ध घोडा

वेल्समधल्या लानुर्तिद वेल्स गावात दारूच्या गुत्त्यात पैज लागली: लांब पल्ल्यात माणूस घोड्याला हरवेल का? १९८० पासून तिथं डोंगरदऱ्यांतून साधारण ३५ किलोमीटरची तशी शर्यत होते. माणूस पहिल्यांदा जिंकला २००४ मध्ये. ह्यू लॉब त्याचं नाव, बक्षीस २५ हजार पौंड. त्याच वर्षी ब्रॅम्बल आणि लिबरमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलं की माणसाचं शरीर लांब धावण्यासाठीच घडलं आहे. अंगावर केस कमी, घामाच्या ग्रंथी लाखोंनी, टाचेला लांब स्नायुबंध. उन्हात हरिण तापतं, माणूस घाम गाळत मागे लागतो आणि शेवटी हरिण बसतं. जंगलातल्या जुन्या जाणत्या माणसांना हे सांगितलं तर ते म्हणतात, हे शोधायला एवढी वर्षं लागली?

अंगाचे हिशेब

पूर्ण मॅरेथॉनला हौशी माणसाची चाळीस-पंचेचाळीस हजार पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला पायावर वजनाच्या दुपटी-तिपटीनं भार येतो. पाय सुजतो, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा. नाही घेतला तर अंगठ्याचं नख आधी काळं होतं, मग निरोप घेतं. मांड्या, काखा आणि छाती यांना व्हॅसलीन फासायचं, कारण घामानं ओला बनियन चार तास घासला की रक्त काढतो. मणक्यातल्या चकत्या दबून माणूस सेंटिमीटरभर बुटका होतो. रात्री झोपल्यावर उंची परत येते, नख यायला काही महिने लागतात. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरायचा असेल तर उलटा उतरा, पाठमोरा. हसणारे हसू देत.

स्वेटशर्टातली, नऊवारीतली

बायकांना इतकं अंतर झेपणार नाही, असं डॉक्टर आणि पंच दोघेही मानत होते तो काळ काही फार जुना नाही. १९६६ मध्ये बॉबी गिब बोस्टनला झुडपाआड लपून बसली, टोपीचा स्वेटशर्ट चढवून गर्दीत घुसली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर २६१ नंबर लावून धावली तेव्हा एका अधिकाऱ्यानं रस्त्यातच तिचा नंबर ओढायला झडप घातली. बोस्टननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये, ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये.

आमच्या ग्राउंडवरच्या मुलींना मी नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतची गोष्ट सांगतो. आदिवासी पाड्यावरची मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण २ तास ३८ मिनिटांत आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक. त्या वेगात ८०० मीटरला जेमतेम तीन मिनिटं, आणि असे बावन्न फेरे. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ जिंकत होती, मग तिनं स्टीपलचेस धरली आणि रिओत थेट अंतिम फेरी गाठली.

पण मुलींचे डोळे चमकतात ते लता भगवान करे यांच्या नावानं. साठी ओलांडलेल्या या बाईंनी नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची शर्यत नऊवारीत, अनवाणी धावून जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला आणि त्यात त्यांचं काम त्यांनी स्वतःच केलं. राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला.

मुंबईत एटापल्ली

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. २००४ पासून सुरू आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तिच्याहून जुनी, १९८३ ची. एटापल्लीहून मुंबईला जाणं ही स्वतंत्र सहनशक्तीची शर्यत. आमच्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन एकच, उत्तर टोकाचं वडसा. आम्हाला बल्लारशाह किंवा नागपूर जवळचं. शर्यत पहाटे पाचला सुटते, तेव्हा कालचा बसचा धक्का अजून कमरेत असतो.

समुद्राची दमट हवा ही जंगलातल्या माणसाची खरी परीक्षा. आमच्या थंडीत घाम वाळतो, तिथं तो अंगावरच राहतो. पण रस्त्याकडेचे लोक! अनोळखी माणसं हातावर संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, बिस्किटं ठेवतात. पेडर रोडच्या चढावर सत्तरीच्या आजी ढोलकी वाजवत असतात. माझ्या बनियनवर 'एटापल्ली' लिहिलेलं बघून शेजारी धावणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "गडचिरोली ना? तिकडे भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "सध्या तरी मागून येणाऱ्या त्या काकूंची वाटते." काकूंनी ते ऐकलं, हसल्या आणि दोघांना मागे टाकून गेल्या.

घाई नाही

आपण फार हळू धावतो असं वाटत असेल तर जपानचे शिझो कानाकुरी लक्षात ठेवा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उष्म्यानं त्यांना चक्कर आली, वाटेतल्या एका कुटुंबानं त्यांना घरात घेतलं आणि ते शर्यत सोडून, कुणाला न सांगता जपानला परतले. आयोजकांच्या लेखी ते बेपत्ता. १९६७ मध्ये स्वीडननं त्यांना बोलावलं आणि राहिलेली शर्यत पूर्ण करायला सांगितलं. पंचाहत्तरीच्या कानाकुरींनी रेषा ओलांडली. वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि वर काही सेकंद. मधल्या काळात लग्न झालं, मुलं-नातवंडं झाली, असं ते म्हणाले.

तेव्हा तुमचा वेग काहीही असो, एटापल्लीला या. नोव्हेंबर ते जानेवारीत या, उजाडल्यावर निघा, पांढरा किंवा भडक रंगाचा बनियन घाला आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं धावा. आणि गाडी चालवणाऱ्यांना एक विनंती: पहाटे या रस्त्यावर भरतीचं एखादं पोरगं किंवा पोटाचा घेर सावरत चाललेला एखादा मास्तर दिसला, तर हॉर्न मारू नका. लाइट खाली करा आणि जरा बाजूनं जा.